उपकारस्तुति आणि साक्ष : घोड-भीमेच्या टापूंतील ख्रिस्ती उपासनेचे कागद

पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्यांत न्हावरे हें गांव आहे. शिरूरहून, म्हणजे घोडनदीहून, दक्षिणेस चौफुल्याकडे जाणारा रस्ता आणि शिक्रापुराकडून श्रीगोंद्यास जाणारा रस्ता हे येथें एकमेकांस छेदतात. घोडगंगा साखर कारखान्यामुळें हें नांव हल्लीं ऊंस लावणारांच्या तोंडीं अधिक असलें, तरी प्रस्तुत विषयास गांवाचें स्थानच उपयोगी आहे. उत्तरेस शिरूर, तेथें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकन मराठी मिशनानें ठाणें घातलें. दक्षिणेस भीमा उतरून दौंड तालुक्यांत गेलें म्हणजे केडगांव. तेथें पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन. महाराष्ट्रांतील ख्रिस्ती उपासनेचीं दोन भिन्न वळणें ह्या दोन ठिकाणीं पाहावयास मिळतात, आणि न्हावरे त्यांच्या मध्यें पडतें.

ह्या टापूंत जुने कागद धुंडाळणारा संशोधक महजर, वतनपत्रें, ताकीदपत्रें हीं मोठ्या आस्थेनें उचलतो. त्याच फेरींत एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाच्या पेटींतून हातानें लिहिलेली भजनांची वही निघाली, किंवा मंडळीच्या दानांची यादी निघाली, तर ती ‘मिशनची’ म्हणून बाजूस ठेवण्याकडे त्याचा कल असतो. परकीयांच्या धर्मप्रचाराचा अवशेष, त्यांत इतिहास तो काय, असा हा समज आहे. आमच्या मतें तो समज ख्रिस्ती उपासनेचें, आणि विशेषतः तींतील कृतज्ञतेचें, स्वरूप नीट ध्यानांत न घेतल्यामुळें झालेला आहे. तें स्वरूप येथें थोडक्यांत उलगडण्याचा विचार आहे.

प्रथम शब्द पाहूं. मराठी बायबलांत ‘उपकारस्तुति’ असा एक समास वारंवार येतो. जेवणापूर्वीं येशूनें भाकर हातीं घेऊन जें केलें त्यास हेंच नांव आहे, आणि मंडळीच्या प्रार्थनेंतहि तें रूढ आहे. मराठींत कृतज्ञतेसाठीं शब्दांची वाण नाहीं. ‘आभार’ ह्या शब्दांत भार दडलेला आहे. दुसऱ्यानें केलेलें आपल्या खांद्यावर आलें, असा त्याचा ध्वनि. ‘धन्यवाद’ म्हणजे मुळांत ‘धन्य’ असें म्हणणें, वाखाणणें. ‘उतराई’ हा वारकरी संतांचा आवडता शब्द. देवाच्या उपकारांतून उतराई होतां येत नाहीं, हें सांगण्यासाठींच तो बहुधा योजिला जातो. ‘कृतज्ञ’ म्हणजे केलेलें जाणणारा. ‘उपकारस्तुति’ ह्यांत मात्र दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत : अमुक एक उपकार झाला, आणि त्याबद्दल स्तुति. नुसती स्तुति देवाच्या गुणांची करतां येते. उपकारस्तुति करावयाची तर घडलेली गोष्ट सांगावी लागते. कोणता उपकार, कोणावर, केव्हां, हें वगळून ती होऊंच शकत नाहीं.

हा अर्थ मूळ भाषांतहि आहे. हिब्रूंत ह्या कृतीस ‘तोदा’ म्हणतात. तिचा धातु कबूल करणें, उघडपणें मान्य करणें ह्या अर्थाचा आहे. पापाची कबुली आणि उपकाराची कबुली ह्या दोहोंस तो एकच चालतो. लेवीय नांवाच्या ग्रंथांत ह्या तोदेच्या यज्ञाचा विधि दिला आहे. त्यांत एक बारीकसा नियम असा कीं, ह्या यज्ञाचें मांस त्याच दिवशीं खाऊन संपविलें पाहिजे, सकाळपर्यंत ठेवूं नये. एका घराच्यानें एका दिवसांत तें संपणें कठीण. अर्थात् शेजारीपाजारी बोलावणें आलें, आणि बोलावलें म्हणजे काय झालें तें सांगणें आलें. आपल्याकडील महाप्रसादाशीं ह्याची तुलना कोणास सुचल्यास ती अगदींच दूरची नाहीं. ग्रीक भाषेंत ह्याच भावनेस ‘यूखारिस्तिया’ म्हणतात. तींत कृपावाचक ‘खारिस’ हा शब्द आहे. पुढें ख्रिस्ती मंडळीच्या मुख्य विधीसच तें नांव पडलें. मराठी प्रॉटेस्टंट त्यास ‘प्रभुभोजन’ म्हणतात व वसईकडील कॅथलिक ‘मिस्सा’ म्हणतात. ह्या दोन्ही नांवांत कृतज्ञतेचा अर्थ उरलेला नाहीं. विधींतील प्रार्थनांत मात्र तो शाबूत आहे.

त्याहून आमच्या वाचकांस रुचेल असा विधि अनुवाद ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायांत आहे. शेतकऱ्यानें आपल्या भूमीचें पहिलें फळ टोपलींत घालून याजकाकडे न्यावें. याजकानें टोपली वेदीपुढें ठेविल्यावर शेतकऱ्यानें जें बोलावयाचें तें तेथें नेमून दिलेलें आहे. तो देवाचे गुण गात नाहीं. आपल्या कुळाची हकीकत सांगतो. पूर्वज भटका होता, तो मिसरांत जाऊन राहिला, तेथें वेठबिगार सोसावी लागली, तेथून सुटका झाली, ही भूमि मिळाली, आणि तिचें हें पहिलें फळ. एवढी हकीकत झाली कीं नमस्कार, आणि मग त्या उत्पन्नाचा आनंद लेवी व परदेशी ह्यांच्यासह करावयाचा. पाहिलें तर ही एक चिमुकली बखरच आहे, आणि तीच येथें पूजा आहे. ख्रिस्ती मंडळ्यांनीं सुगीच्या सणाचा पाया म्हणून जे शास्त्राधार घेतले, त्यांत हा अध्याय अग्रभागीं असतो.

ह्याचा जोडशब्द ‘साक्ष’. महजर वाचणारांस ह्या शब्दाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. मंडळींत एखादा मनुष्य उभा राहून देवानें आपल्यासाठीं काय केलें तें सांगतो, त्यास साक्ष देणें म्हणतात. महजराच्या साक्षींत आणि ह्या साक्षींत भेद आहेच; एक हक्काच्या निवाड्यासाठीं, दुसरी उपासनेसाठीं. परंतु दोहोंचें मर्म एकच : पाहिलेलें, भोगलेलें चार लोकांसमक्ष सांगणें. पंडिता रमाबाईंनीं आपल्या धर्मांतराची हकीकत लिहिली तिचें नांवच ‘माझी साक्ष’. बाबा पदमनजींचें ‘अरुणोदय’ हें आत्मचरित्र ह्याच मुशींतलें. मराठींतील आत्मचरित्राच्या इतिहासांत मंडळीच्या साक्षीचा वांटा केवढा, ह्याचा विचार कोणीं तरी स्वतंत्रपणें करावा.

आतां घोड-भीमेच्या टापूकडे वळूं. पावसाच्या तुटीचा हा पूर्वभाग. पाटाचें पाणी व ऊंस येण्यापूर्वीं येथला आधार बाजरी व ज्वारी हाच. खळ्यावर रास पडली म्हणजे मापास हात लावण्यापूर्वीं तिची पूजा करावी, देवाचें अगोदर काढावें, ही कुणब्याची जुनी रीत. ख्रिस्ती उपदेशक येथें आले तेव्हां नव्या धान्याच्या कृतज्ञतेची जागा रिकामी नव्हती. ती चांगली भरलेली होती. किती भरलेली होती ह्याचें एक विलक्षण उदाहरण खुद्द शिरुरांत आहे. शिरूर ही इंग्रजांच्या फौजेची छावणी होती. तेथील दफनभूमींत कर्नल विल्यम वॉलेस ह्याची कबर आहे. असईच्या लढाईंत (१८०३) हा वेलस्लीच्या हाताखालीं होता, आणि १८०९ सालीं तो वारला. पुढें १८८५ सालीं निघालेल्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत नमूद आहे कीं, शिरूर व भोंवतालच्या खेड्यांतील लोक त्यास ‘सत्पुरुष’ म्हणत. ब्राह्मण व मारवाडी वगळतां इतर हिंदु लोक कबरीची पूजा करीत, आणि सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा नैवेद्य तेथें आणीत. एका ख्रिस्ती शिपायास पहिल्या धान्याचा नैवेद्य! खुद्द कर्नलसाहेबांस तो कितपत रुचला असता हा प्रश्न सोडून देऊं. आपला मुद्दा एवढाच कीं, ज्याच्यामुळें गांव सुखरूप राहिलें अशी भावना होती, त्याच्याकडे पहिलें धान्य गेलें. त्याचा धर्म, जात, भाषा ह्यांची अडचण पडली नाहीं. लूक नांवाच्या शुभवर्तमानांत दहा कुष्ठरोगी बरे झाल्याची कथा आहे. त्यांतला एकच परत येऊन पायां पडतो, आणि तो परजातीचा निघतो. शिरूरच्या उपदेशकांनीं ह्या कथेवर बोलतांना दफनभूमीकडे कधीं बोट दाखविलें कीं नाहीं, तें कोणी सांगितलेलें नाहीं.

अमेरिकन मिशनाचे पहिले लोक १८१३ सालीं मुंबईस उतरले, १८३१ सालीं त्यांनीं अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) गांठलें, आणि शिरूरचें ठाणें नगरच्या ह्याच कार्याचा विस्तार. ह्या भागांत जे लोक त्यांच्या मंडळींत आले त्यांत मोठा भरणा महार व मांग समाजांतील होता. येथें एका गोष्टीवर थोडें थांबणें अवश्य आहे, कारण तिच्याखेरीज सुगीच्या दानाच्या यादीचा अर्थ लागत नाहीं.

गांवगाड्यांत महार व मांग हे बलुतेदार. सुगीच्या वेळीं खळ्यावर जाऊन त्यांनीं आपला हक्काचा वांटा घ्यावयाचा. कागदोपत्रीं तो हक्क; महारांच्या हक्कांच्या तक्रारी दप्तरांत भरपूर आहेत, आणि त्या वाचतांना हा वर्ग केवळ दीन होता असें मुळींच वाटत नाहीं. तथापि व्यवहारांत तो घेणारा, कुणबी देणारा. देवळांत त्यास मज्जाव. देवाला अर्पण करावयाचें तें दुसऱ्याच्या हातून, उंबऱ्याबाहेरून. अशा घरचा मनुष्य जेव्हां बाजरीचीं कणसें किंवा शेरभर ज्वारी स्वतःच्या हातानें उपासनामंदिरांत पुढें नेऊन ठेवतो, तेव्हां त्या कृतीचा अर्थ युरोपांतील शेतकऱ्याच्या त्याच कृतीहून फार निराळा होतो. येथें घेणारा देणारा झाला आहे. त्याच्या आणि वेदीच्या मध्यें कोणी उरलेलें नाहीं. अनुवादांतील ती टोपली आणि तिच्याबरोबर सांगावयाची सुटकेची हकीकत त्यास परकी वाटण्याचें कारण नव्हतें. वेठबिगार हा शब्द त्यानें ग्रंथांतून शिकलेला नव्हता. मुंबई राज्यांतील कनिष्ठ ग्रामवतनें रद्द करणारा कायदा १९५८ चा. त्याच्या पूर्वीं कितीतरी वर्षें बलुत्याच्या धान्यांतूनच मंडळीचें दान निघत असलें पाहिजे, असा आमचा तर्क आहे. तसें असेल तर एकाच शेरभर ज्वारीची नोंद बलुत्याच्या कागदांत येणें म्हणून आणि मंडळीच्या वहींत देणें म्हणून, अशी दोनदां सांपडण्याचा संभव आहे. असे दोन कागद एका घरचे मिळाले तर गांवगाड्याच्या इतिहासास तें मोठें साधन होईल.

‘उपकार’ ह्या शब्दासहि ह्या लोकांच्या तोंडीं एक कडू चव असली पाहिजे. पाटलाचे उपकार, सावकाराचे उपकार हे फेडूनहि फिटत नसत. मग देवाचे उपकार म्हणजे आणखी एक धनी? ह्यावर ख्रिस्ती शिकवणीचें उत्तर असें कीं, हें देणें परतफेडीसाठीं नाहीं. कृपा अगोदर फुकट मिळाली, तिची किंमत कोणी मागत नाहीं, उपासना म्हणजे त्या कृपेची कबुली. सगळ्यांस तें पटलें, किंवा सगळ्या उपदेशकांनीं तें तितक्या स्वच्छपणें सांगितलें, असें मात्र म्हणवत नाहीं. मिशनाची शाळा, मिशनाचें औषध, मिशनाची नोकरी हींहि उपकारांतच जमा होत, आणि देवाची स्तुति कोठें संपते व साहेबाची कोठें सुरू होते, हें कित्येकदां अस्पष्ट राही.

ह्याच अवघड प्रश्नावर नारायण वामन टिळकांनीं बोट ठेविलें. रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं १८६१ सालीं जन्मलेले हे कवि १८९५ सालीं मुंबईस ख्रिस्ती झाले, आणि त्यांच्या आयुष्याचीं पुढचीं बरींच वर्षें नगरास गेलीं. उपासना परक्या चालींत आणि परक्या कृतज्ञतेंत अडकली आहे, असें त्यांचें मत झालें. अखेरीस मिशनाची चाकरी सोडून १९१७ सालीं त्यांनीं ‘देवाचा दरबार’ स्थापिला, आणि १९१९ च्या मे महिन्यांत ते वारले. त्यांच्या भजनांनीं मराठी मंडळ्यांची उपासना किती बदलली हें ‘उपासना-संगीत’ हें भजनांचें पुस्तक चाळल्यास दिसतें. अर्थात् टिळकांच्या पूर्वींहि ही वाट अगदीं कोरी नव्हती. कृष्णाजी रत्नाजी सांगळे ह्यांनीं नगरकडे ख्रिस्ती कीर्तन रूढ केलें होतें. साकी, दिंडी, अभंग हीं सगळीं त्यांत आलीं. कीर्तन हें कथा सांगून स्तुति करण्याचें साधन असल्यामुळें उपकारस्तुतीस तें जसें जुळलें तसें दुसरें कांहीं जुळलें नसतें.

केडगांवचें वळण वेगळें. रमाबाई (१८५८–१९२२) पुराणिकाच्या कन्या. भागवत सांगत त्या भारतभर हिंडलेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून आणि पुढें १९०० च्या सुमारास गुजराथेंतून शेंकडों मुली व बायका केडगांवास आणिल्या. ह्या मुलींची उपकारस्तुति म्हणजे भुकेंतून वांचल्याची हकीकत. दुष्काळाचा सरकारी अहवाल जें सांगत नाहीं तें तींत असतें. १९०५ सालीं मुक्तिसदनांत जी धर्मजागृति झाली तिच्या हकीकतींत रडणें, कबुली, मोठ्यानें एकदम प्रार्थना हीं सर्व येतात. शिस्तीची उपासना करणाऱ्या कित्येकांस तें तेव्हां अनुचित वाटलें. ‘तोदा’ शब्दाचा दुहेरी अर्थ ज्यास ठाऊक आहे त्यास कबुली आणि स्तुति एकाच श्वासांत आलेल्या पाहून नवल वाटणार नाहीं. रमाबाईंनीं आयुष्याचीं शेवटचीं वर्षें हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलाचें भाषांतर करण्यांत घालविलीं. तें मुक्तिसदनांतील छापखान्यांत तेथल्याच बायकांनीं जुळवून छापलें आणि रमाबाईंच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं बाहेर पडलें. साध्या बायकांस कळेल अशी भाषा असावी, आणि हिंदु उपासनेचा वास असलेले संस्कृत शब्द शक्य तों टाळावे, असा त्यांचा कटाक्ष होता. टिळक जे शब्द मुद्दाम जवळ करीत, तेच रमाबाई मुद्दाम दूर ठेवीत. आम्हांस टिळकांचें काव्य अधिक प्रिय आहे. पण संस्कृतांत मुरलेल्या बाईनें संस्कृत टाळावें ह्यांत जो त्याग आहे तो कमी लेखतां येत नाहीं. संग्राहकास ह्याचा उपयोग असा कीं, शिरूर-नगरच्या बाजूची वही आणि केडगांवच्या बाजूची वही शब्दांवरून ओळखूं येण्याचा संभव आहे.

वही ओळखण्यांत एक मोठा घोटाळा संभवतो, तो सांगून ठेवणें अवश्य आहे. टिळकांच्या अभंगांत शेवटीं ‘दास म्हणे’ अशी मुद्रा असते. समर्थांच्या अभंगांतहि ‘दास’ ही मुद्रा येते. वहीचीं पहिलीं-शेवटलीं पानें गेलेलीं, कागद पिवळा, आणि अभंगांत देवाचे उपकार, संतसंग, दीनांचा कैवारी असे शब्द. अशा वेळीं ती रामदासी बाडांत जाऊन बसणें अगदीं सोपें आहे. कित्येक ख्रिस्ती अभंगांत ख्रिस्ताचें नांव प्रत्येक चरणांत येत नाहीं. म्हणून ‘दास’ मुद्रेचे, पण ज्ञात समर्थवाङ्मयांत न सांपडणारे अभंग ज्यांच्या संग्रहांत असतील त्यांनीं ते टिळकांच्या ‘अभंगांजली’शीं व भजनसंग्रहाशीं ताडून पाहावे. कागदाची जात, शाई, आणि बाळबोध अक्षराचें शाळेंतील वळण ह्यांवरूनहि निर्णयास मदत होते.

हातच्या नकलांची एवढी मातब्बरी कशास, छापील पुस्तकें आहेतच, असें कोणी म्हणेल. त्यास ‘ख्रिस्तपुराणा’चें उत्तर आहे. फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेजुइटानें रचलेला हा ओवीबद्ध ग्रंथ गोव्यांत राशोल येथें १६१६ सालीं छापला गेला, पुढें १६४९ व १६५४ सालीं पुन्हा छापला गेला. ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकभाषेच्या विरुद्ध हुकूम काढला. तरीहि ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळें. लोक तो चर्चमध्यें व घरीं वाचीत, म्हणून उतरून घेत. सालढाणा ह्यांची १९०७ ची मंगळूरची आवृत्ति अशा नकलांवरच उभी आहे. छापलेलें नाहींसें झालें आणि उपासनेसाठीं हातानें उतरलेलें राहिलें. सुगीच्या कृतज्ञतेची परंपराहि ह्या किनाऱ्यावर जुनी आहे : वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन लोकांचा ‘आगेरा’ आणि गोव्यांतील कणसांचें फेस्त हे आजहि होतात. देशावरील मंडळ्यांशीं त्यांचा धागा थेट जुळत नाहीं, म्हणून त्यांविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं.

शिरूर, न्हावरे, पारगांव, केडगांव ह्या पट्ट्यांत फिरणाऱ्या मित्रांस काय टिपून घ्यावें तें सांगतों. भजनाच्या वहींत प्रत्येक पदाच्या डोक्यावर चालीचें नांव लिहिलेलें असलें तर तें पदाइतकेंच मोलाचें समजावें; कोणत्या लोकप्रिय पदाच्या चालीवर तें बसविलें हें त्यावरून कळतें, आणि काळहि कांहींसा ठरतो. कीर्तनाच्या आख्यानांत मूळ कथेबाहेरचा स्थानिक मजकूर, म्हणजे दुष्काळ, प्लेग, नदीचा पूर, बहुधा उपसंहारांतील उपकारस्तुतींत येतो; तोच भाग नक्कल करतांना गाळला जातो, म्हणून तो आधीं उतरून घ्यावा. सुगीच्या दानाची यादी मिळाल्यास नांवें, धान्याची जात आणि माप जसेंच्या तसें ठेवावें. पायली, शेर ह्यांचें किलोंत रूपांतर करण्याची घाई करूं नये; चार शेरांची पायली हा हिशेब सर्वांस ठाऊक आहे, पण कोणत्या गांवीं कोणतें माप चालू होतें हें मूळ अंकांवरूनच निघतें. हयात कुटुंबांची नांवें त्यांच्या परवानगीवांचून प्रसिद्ध करूं नयेत. वही घरच्यांच्या उपासनेंत अजून वापरांत असेल तर ती मागूं नये. तिचीं छायाचित्रें घ्यावीं, एक संच त्याच घरीं द्यावा, आणि वही कोणत्या सणास काढतात तें विचारून छायाचित्रांबरोबर नोंदवून ठेवावें.